पिन बसली, पण…

आयपॅड २ च्या पाठीवर, अगदी तळाशी, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील अशा अक्षरांत ए१३९५ असा नंबर छापलेला असतो. ‘तो बघून या, मग वायरचं बोलू,’ असं मला दुकानातून फोनवर सांगितलं होतं. आयपॅड मावशीचा. तिच्या भजनी मंडळाच्या तालमींचे व्हिडिओ त्यात होते आणि मंडळातल्या सगळ्यांना ते हवे होते. वायर मात्र घर बदलताना कुठे गेली, कोण जाणे. हे काम माझ्याकडे का आलं, तेही कोण जाणे. मी शाळेत मराठी शिकवते. वायर म्हणजे दोन टोकं आणि मध्ये तांबं, एवढंच माझं विज्ञान.

आधी मावशीकडची वायरींची पिशवी उपसली. प्रत्येक घरात अशी एक पिशवी असते आणि तिच्यातलं काहीही फेकायची कुणाची छाती होत नाही. नोकियाचा जाड पिनचा चार्जर निघाला, मग बारीक पिनचा. एका जुन्या कॅमेऱ्याची वायर निघाली. आणि तळाशी हवी तशीच रुंद, चपटी पिन! आयपॅडला लावायला गेले तर ती आत जाईना. उलटी करून पाहिली, तरी तेच. ती निघाली मावसभावाच्या गॅलेक्सी टॅब २ ची. दोन्ही कंपन्यांच्या पिना रुंद, चपट्या, दोन्हींना तीसच टोकं. पण एकीची दुसरीला चालत नाही. लांबून बघणाऱ्याला त्या जुळ्या बहिणी वाटाव्यात, असं कुणाला का सुचलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

मग तापकीर गल्ली. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या जवळ. या गल्लीत शिरलं की आपल्याला काय हवं होतं तेच आपण विसरतो. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, “व्ही-एट का टाइप सी?” मी नुसतीच बघत राहिले. व्ही-एट म्हणजे इथल्या बाजाराच्या भाषेत मायक्रो यूएसबी, हे नंतर समजलं. मी आयपॅडच पुढे केला. त्यानं खालची फट पाहिली आणि आत हाक मारली, “काका, थर्टी पिन आहे का?”

काका बाहेर आले ते वायर घेऊन नव्हे, इतिहास घेऊन. ही पिन ॲपलनं २००३ साली आयपॉडला आणली. पहिले तीन आयपॅड आणि आयफोन ४एस पर्यंतचे सगळे फोन हिच्यावर चालले. २०१२ च्या सप्टेंबरात आयफोन ५ बरोबर आठ टोकांची लायटनिंग आली आणि हिचे दिवस भरले. २०२३ मध्ये आयफोन १५ नं लायटनिंगही सोडली आणि टाइप सी घेतली. युरोपात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन-टॅबना टाइप सी कायद्यानंच सक्तीची झाली. “चांगलंच झालं,” काका म्हणाले, “पण ताई, कायदा पुढच्या मालाला असतो. मागचा माल घेऊन लोक माझ्याकडेच येणार.” त्यांच्याकडे दोन प्रकारच्या वायरी होत्या. एक स्वस्त, दुसरी तिच्या दुपटीहून महाग. दिसायला एकसारख्या. मी दोन्ही घेतल्या.

घरी स्वस्त वायर लावली. पिन खटकन बसली, पण पडदा काळाच. ठार उतरलेली बॅटरी आधी बराच वेळ गुपचूप थोडी थोडी वीज घेते आणि मगच पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र येतं, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. चित्र आलं, पुढे ॲपलचं चिन्हही आलं. वायर लॅपटॉपला लावून पाहिली तर वर कोपऱ्यात अक्षरं उमटली: ‘नॉट चार्जिंग’. फोनच्या अडॅप्टरवर लावलं तर टक्के इतक्या सावकाश चढत होते, की मावशीनं दोनदा विचारलं, “अगं, हे उतरतंय का चढतंय?”

पुन्हा काकांकडे. त्यांनी अंगठ्याएवढा यूएसबी मीटर काढला आणि एकाच अडॅप्टरवर दोन्ही वायरी आळीपाळीनं लावून दाखवल्या. स्वस्त वायरीवर अर्ध्या अँपिअरच्याही खाली, महागावर दोनच्या आसपास. मी त्या आकड्यांकडे पाहतच राहिले. पिना तर दोन्ही सारख्याच बसत होत्या!

वायरीच्या पोटात चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात. हिरवी आणि पांढरी फोटो-फाइली नेतात, शिवाय आणखी एक काम करतात. आयपॅड हा आग्रह झाल्याशिवाय दुसरी पोळी न घेणारा पाहुणा आहे. हा आग्रह अडॅप्टर या दोन तारांवर ठरावीक व्होल्टेज ठेवून करतो. तो पोचला तर आयपॅड २.१ अँपिअरपर्यंत ओढतो. नाही पोचला तर जेमतेम घेतो, नाहीतर घेतच नाही. स्वस्त वायरीत काकांच्या मते हिरवी-पांढरी नव्हतीच. आयपॅड २ ची बॅटरी २५ वॉट-तासांची. त्याचा मूळ अडॅप्टर १० वॉटचा, म्हणजे कागदावर अडीच तास. अर्ध्या अँपिअरवर तेच दहा तास झाले, तेही पडदा बंद ठेवून.

त्यात तारांची जाडी हा आणखी एक घोळ. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, असली उफराटी मोजणी कुणी काढली असेल! २८ गेजची तार असेल तर मीटरभर वायरीतून दोन अँपिअर जाऊन परत येईपर्यंत जवळजवळ ०.८५ व्होल्ट वाटेतच जिरतात. पाच निघाले तर आयपॅडपर्यंत चार-सव्वाचारच पोचतात. २४ गेजला हे नुकसान एक तृतीयांश व्होल्टच. चांगल्या वायरीच्या अंगावर २८/२४ असं छापलेलं सापडतं. त्यातला दुसरा आकडा विजेच्या तारांचा. लांबलचक स्वस्त वायर पलंगापर्यंत पोचते खरी, वीज पोचेलच असं नाही.

चुकीच्या वायरीनं चार्जिंग हळू होतं, एवढंच नाही. २०१५ मध्ये गूगलचा इंजिनिअर बेन्सन लियंग यानं ॲमेझॉनवरच्या टाइप सी वायरी स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. जुन्या यूएसबीतून टाइप सीकडे जाणाऱ्या वायरीत ५६ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. पुष्कळ वायरींत भलताच बसवलेला होता, त्यामुळे फोनला वाटायचं की समोरून तीन अँपिअर मिळणार आहेत. पुढच्याच वर्षी उलटसुलट जोडलेल्या एका वायरीनं त्याचा लॅपटॉपच निकामी केला. हे वाचल्यावर मी पिशवीतल्या अनोळखी वायरी आधी वेगळ्या काढल्या.

महाग वायर आणि १० वॉटचा अडॅप्टर लावून आयपॅड संध्याकाळपर्यंत भरला. मग तीच वायर लॅपटॉपला. आता तिथे ‘नॉट चार्जिंग’ आलं तरी चालणार होतं. हिरवी-पांढरी वेगळ्या कामावर होत्या. आयपॅडनं विचारलं, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? मावशी म्हणाली, “ठेव बाई.” व्हिडिओ एकेक करून उतरायला लागले.