धने-जिऱ्याचं पाणी कुठवर?



पावसाळा सुरू झाला की आमच्या शाहूपुरीतल्या घरी फोन यायला लागतात. "वहिनी, पोराचा घसा धरलाय, काय देऊ?" "काकू, डोळ्याला रांजणवाडी आलीय." "अगं, उन्हाळी लागलीय, धने किती घालायचे?" मला हे फोन आवडायचे. डॉक्टरकडे जायच्या आधी बायका मला विचारतात, याचा थोडा अभिमानही होता. तो अभिमान तीन वर्षांपूर्वीच्या दशलक्षण पर्वात उतरला. आजवर ही गोष्ट मी घराबाहेर सांगितली नव्हती. भाद्रपद जवळ आलाय, म्हणून सांगते.

सासूबाई तेव्हा 71 वर्षांच्या. साखरेचा त्रास जुना. तरी दहाही दिवस एकाशन करायच्या. दिवसातून एकदा जेवण, आणि पाणीही त्याच बैठकीला. पहाटे अंघोळ करून, शुद्ध वस्त्र नेसून बस्तीत अभिषेकाला जायच्या, पूजा होईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी हळूच म्हणाल्या, "उन्हाळी लागल्यागत वाटतंय गं. जळजळतंय." मी म्हटलं, "आई, काळजी करू नका, जेवताना धने-जिऱ्याचं पाणी देते."

तीन दिवस दिलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, बरं वाटतंय. मी निर्धास्त झाले. मध्येच एकदा डॉक्टरांकडे जाऊया का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काय होत नाही, तीन-चार दिवस राहिलेत, काढते की." मीही पुढे रेटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या काढ्यावर माझाच जास्त विश्वास होता.

सातव्या दिवशी, म्हणजे उत्तम तप धर्माच्या दिवशी, दिवेलागणीला त्या अंथरुणात कुडकुडत होत्या. दोन वाकळा घातल्या तरी थंडी थांबेना. अंग तापलेलं. आणि मला विचारतात, "दिवस उगवला का? अभिषेकाला उशीर झाला." बाहेर अंधार पडत होता. त्यांना दिवस-रात्र कळत नव्हती. ते वाक्य ऐकून माझे हातपाय गळाले.

ह्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात सूर्य मावळला म्हणून आईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं, गोळी घेईनात. शेवटी औषध शिरेतूनच गेलं. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता, साखरही वाढली होती. डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "जळजळ कधीपासून होती?" मी म्हटलं, चार दिवस. पलंगावरून आई पुटपुटल्या, "सहा." दोन दिवस त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

पाच दिवसांनी त्या घरी आल्या, तो क्षमावाणीचा दिवस होता. मी त्यांच्या पाया पडून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुझं काय चुकलं? मीच पाणी कमी पीत होते. पूजेतून उठायला नको म्हणून जेवतानासुद्धा दोनच घोट घ्यायचे. उठलं की परत अंघोळ, परत वस्त्रं. एवढ्या बायकांत कसं सांगायचं?"

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणी हेच करतात? विधान असलं, लांबचा विहार असला, लग्नाघरी गर्दी असली की पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची. आपल्या शरीरात मूत्रमार्ग पुरुषांपेक्षा बराच आखूड असतो आणि गुदद्वाराच्या जवळ असतो. आतड्यातले जंतू तिथून चटकन वर सरकतात. लघवी वाहती राहिली तर बरेचसे धुऊन जातात, तुंबली तर तिथेच वाढतात. आपण त्याला ‘उन्हाळी’ म्हणतो, म्हणून उष्णता झाली असं वाटतं आणि थंड काहीतरी घेऊन बसतो. उन्हातान्हात पाणी कमी पडलं की नुसतीही जळजळ होते, नाही असं नाही. पण पाणी पिऊनही ती गेली नाही, तर तो बहुधा संसर्ग असतो.

मग धने-जिऱ्याचं पाणी खोटं का? नाही. मी ते आजही करते. लक्ष्मीपुरीतून आणलेले धने एक चमचा, जिरे अर्धा चमचा, तीन पेले गाळलेल्या पाण्यात चांगले उकळायचे, कोमट झाल्यावर गाळून दिवसभरात प्यायचे. आपण रात्रभर भिजवत नाही. उकळलेल्या पाण्याची मर्यादा 24 तासांची, म्हणून उकळणंच आपल्या रीतीला धरून आहे. सोबत नाचणीची आंबील, पातळ ताक, शहाळं. याने पोटात पाणी जातं, लघवी पातळ होते, आग कमी होते. जंतू मात्र याने मरत नाहीत. आराम पडला म्हणजे रोग गेला, हीच माझी समजूत चुकली होती.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. प्रत्येक दुखण्यापुढे घरचा उपाय आणि त्यापुढे ‘इथे थांबायचं’ असं लिहिलंय. तोच तुम्हाला देते.

घसा आणि सर्दी. आपल्याकडे आलं नाही, लसूण नाही, मध नाही. त्यावाचून काही अडत नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. सुंठ, चार मिरी, दोन लवंगा आणि गूळ यांचा काढा. 1895 साली शाहू महाराजांनी वसवलेली आमची शाहूपुरी गुळाच्या व्यापारावरच वाढली, तेव्हा गुळाची कमतरता घरात कधी नव्हती. साखरेच्या रुग्णाला मात्र गूळ नको. ज्येष्ठमधाची कांडी चघळायला चांगली. नावात मध असला तरी ती एका झाडाची वाळलेली मुळी आहे. फक्त रक्तदाब असलेल्यांनी ती नेमाने घेऊ नये, दाब वाढतो. रात्रीचं हळदीचं दूध आपण सूर्यास्ताआधी घेतो, एवढाच फरक. लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका. पातेलं कलंडून भाजलेली मुलं मी पाहिलीत. *इथे थांबायचं:* गिळता येत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, ताप तीन दिवसांवर गेला असेल, कान दुखत असेल.

रांजणवाडी. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापणीवर पाच-दहा मिनिटं धरायचं. दिवसातून तीन-चार वेळा. चटका बसेल इतकं गरम नको. आमच्या लहानपणी लवंग उगाळून लावायचे. आता मी कुणालाच सांगत नाही, डोळ्यात गेली तर नसतं दुखणं मागे लागतं. फोडू तर मुळीच नये. *इथे थांबायचं:* सगळा डोळा सुजला, दिसायला अंधूक झालं, ताप आला, किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही.

नखुरडं आणि खरचटणं. आधी साबण-पाण्याने धुणं, हळद नंतरची गोष्ट. सांगलीची उत्तम हळद असली तरी मळलेल्या जखमेवर तिचा थर देऊ नका. घाण आतच राहते. बोट ठणकत असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. *इथे थांबायचं:* पू साठला, लाली वर चढू लागली, किंवा रुग्णाला साखर आहे. गंजकं टोचलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी त्याच दिवशी.

नायटा. आपल्या कोल्हापूरच्या पावसात कपडे वाळत नाहीत आणि दमट कपडे अंगावर चढतात. नायट्याला हेच हवं असतं. कपडे इस्त्री करून घाला, कमरेला परकराची नाडी बांधतो ती जागा पुसून कोरडी ठेवा, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कडुनिंबाच्या पाण्याने धुतल्यावर बरं वाटतं. पण दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावू नका. पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतून पसरत जातो. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी घरोघरी ती सापडतातच. *इथे थांबायचं:* दुसरा चट्टा दिसला की.

उन्हाळी. धने-जिऱ्याचं पाणी एक दिवस, फार तर दोन. लघवी दाबायची नाही. शौचानंतर पुढून मागे धुवायचं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारायचं. *इथे थांबायचं:* थंडी वाजून ताप, कमरेच्या वर बाजूला दुखणं, उलटी, लघवीत रक्त. गरोदर बाई, लहान मूल, साखरेचा रुग्ण आणि वयस्क माणूस यांना पहिल्याच दिवशी न्यायचं. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं तर तेही लक्षण धरायचं. ते मला आईंनी शिकवलं.

आणखी एक. औषधांच्या डब्यात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या असतात, त्या ‘गेल्या खेपेला गुण आला होता’ म्हणून शेजारणीला देऊ नका. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ही खूण लोकांना कळावी म्हणून 2016 मध्ये सरकारने मोहीमही काढली. अर्धवट, चुकीचं औषध घेतलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. आईंची लघवी औषध सुरू करायच्या आधी तपासायला पाठवली होती. दोन-तीन दिवसांनी अहवाल आला, तेव्हा कोणतं औषध लागू पडेल ते नेमकं कळलं.

"पण औषधाने जंतू मरतात, मग हिंसा नाही का?" हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. आपण गृहस्थ आहोत, अणुव्रतं पाळतो. ठरवून केलेली संकल्पी हिंसा आपण सोडतो. घर चालवताना, जीव राखताना जी घडते ती कमीत कमी ठेवतो. कॅप्सूलचं आवरण बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचं असतं, ते नको असेल तर त्याच औषधाची गोळी मिळते का, हे डॉक्टरांना पहिल्यांदाच स्पष्ट विचारा. रात्रीचं औषध दिवसा बसवता येईल का, हेही विचारा. बरेचदा येतं. न सांगता गोळी उशीखाली ठेवणं तेवढं करू नका.

त्या भाद्रपदानंतर मी बस्तीत आलेल्या माताजींना विचारलं होतं, "आईंचं व्रत मोडलं, त्याला काय करायचं?" त्यांनी मला सोळाकारण भावना आठवायला सांगितल्या. त्यांत ‘शक्तितस्तप’ आहे, आपल्या शक्तीप्रमाणे तप. आणि ‘वैयावृत्य’ही आहे, आजाऱ्याची सेवा. म्हणाल्या, "सासूने पहिली जपावी, तू दुसरी." चार दानांत औषधदान आहे, हे तर आपण पाठच म्हणतो.

आई आता 74 वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी त्यांनी दहा दिवसांतलं एकच एकाशन केलं, तेही डॉक्टरांना विचारून. बाकीचे दिवस दोनदा जेवल्या, पाणी प्यायल्या, पूजेतून उठावं लागलं तर उठल्या. पहिल्यांदा उठल्या तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीही लगबगीने त्यांच्या मागोमाग गेल्या. त्या दोघी कधीपासून वाट पाहत होत्या कोण जाणे.

फोन अजूनही येतात. धने किती घालायचे ते मी सांगते. पण त्याआधी विचारते, "किती दिवस झाले? ताप आहे का? साखर आहे का?" आणि उत्तर ऐकून कधी कधी धन्याचं नावच काढत नाही. "रिक्षा कर, मी येते सोबत," असं म्हणते.