यॉर्कची सोनकी

इंग्लंडात यॉर्कला उतरलेला प्रवासी सहसा थेट तिथल्या भव्य मिन्स्टरची वाट धरतो. आम्ही मात्र स्टेशनाच्या आवारातच घुटमळलो. इथल्या मोटारतळावर 1979 साली एक नवेच रोप सापडले होते.

आपल्या सह्याद्रीचे उतार पावसाळा सरता सरता पिवळेधमक करणारी सोनकी वाचकांनी पाहिली असेल. तिच्याच गोतातली ही मंडळी. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या माथ्याकडे एक जात, पायथ्याकडे दुसरी; मधल्या उतारावर त्यांचा संकर आपोआप होतो. त्या संकराचे बी तीनशे वर्षांमागे इंग्लंडात आले. ऑक्सफर्डच्या वनस्पती-उद्यानातून निसटून ते गावच्या भिंतींवर उगवले. मग 1844 साली ऑक्सफर्डला आगगाडी आली. रुळांखालची खडी आणि राख म्हणजे या झाडाला एटनाचे माहेरच! बी म्हातारीसारखे हलके, गाडीच्या वाऱ्याबरोबर उडणारे. ड्रूस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तर ऑक्सफर्डला डब्यात शिरलेले बी टाइलहर्स्टला बाहेर पडताना पाहिले. बिनतिकिटाचा प्रवास तो!

असे मजल दरमजल करीत ते उत्तरेत पोचले आणि ग्राउंडसेल नावाच्या तिथल्या साध्या तणाशी त्याची सोयरीक जुळली. अशी संतती बहुधा वांझ निघते. एकाच्या पेशीत 20 गुणसूत्रे, दुसऱ्याच्या 40. हिशेब जुळायचा कसा? यॉर्कला मात्र जुळला, आणि स्वतःच्याच परागावर बी धरणारी, दोघांहून निराळी अशी जात उभी राहिली. संकर म्हटले की आपल्याकडे कपाळाला आठी पडते. पण ‘पगार’ आणि ‘चावी’ हे शब्द पोर्तुगीजांकडून घेतलेल्या मराठीच्या मास्तराने ती पाडून घेऊ नये.

या जातीचे बारसे 2003 साली झाले: सेनेशिओ एबोराकेन्सिस. एबोराकुम हे यॉर्कचे रोमन नाव. पण तोवर तणनाशकांच्या फवाऱ्यांनी मूळ बाळच नाहीसे झाले होते! विद्यापीठातल्या एका खिडकीत तीन कुंड्या तेवढ्या उरल्या होत्या. त्यांचे बी पेढीत दागिने ठेवावेत तसे जपून ठेवले, म्हणून निभावले. इतक्या वर्षांनी ते पेरले, तर पहिल्या शंभरांतले 98 रुजले. 2023 साली यॉर्कच्या मोकळ्या जागांत ते पुन्हा टाकले आहे. रेल्वेच्या जमिनीवरसुद्धा; तिथल्या फवारणीवाल्यांना आधी कळवले असावे अशी आशा आहे.