बेचाळीस शिखरं आणि एक रात्र

वटपौर्णिमेला आपण वडाला सात फेरे घालतो. २०२४ च्या वटपौर्णिमेला, म्हणजे २१ जूनला, माझी धाकटी बहीण एकच फेरा घालायला निघाली होती. पण तो होता बेचाळीस शिखरांचा, आणि तोही चोवीस तासांत! शाळेतून रजा काढून मी तिच्याकडे इंग्लंडला गेले, ती खास यासाठीच.

इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट हा तळ्यांचा नि डोंगरांचा मुलूख आहे. तिथल्या केझिक गावात अतिथीगृह चालवणारे बॉब ग्रॅहम यांनी १९३२ च्या जूनमध्ये ४२ शिखरं २३ तास ३९ मिनिटांत पालथी घातली. तोच हा ‘बॉब ग्रॅहम राऊंड’. अंतर सुमारे १०६ किलोमीटर आणि चढण सुमारे ८,२०० मीटर. म्हणजे आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून पाच वेळा चढण्यासारखंच की! १९७७ साली जीन डॉझ यांनी तो पुरा केला. असं करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

तुम्ही म्हणाल, यात पायांचाच काय तो प्रश्न. मलाही तसंच वाटलं होतं. पण खरी मेख आहे अंधाराची. चोवीस तासांत रात्र यायचीच. ती टळत नाही, फक्त कुठे बसवायची ते आपल्या हातात असतं.

आदल्या वर्षी रात्रीची झोप पुरी व्हावी म्हणून ती सकाळी आठला निघाली होती. अंधार पडला तेव्हा पाय थकलेले, आणि समोर ग्रेट गेबलचे दगडधोंडे. वाट चुकली, पाय मुरगळला, सोबत्यांनी धरधरून खाली आणलं. घरी परतल्यावर ‘दोन मुलांच्या आईला कशाला हवेत हे उद्योग?’ हेही ऐकून घ्यावं लागलं. यंदा जमलं नाही तर पुन्हा नाही, असं तिनं नवऱ्याला कबूल केलं होतं.

म्हणून यंदा ती संध्याकाळी सातला निघाली. तिकडे जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि साडेचारच्या सुमारास उगवतो. स्किडॉ आणि ब्लेंकाथ्रा ही पहिली मोठी शिखरं उजेडात नि संधिप्रकाशात होतात. मग रात्र येते ती हेल्वेलिनच्या लांबलचक, बऱ्याचशा गवताळ धारेवर. तिथे कपाळाला बांधलेल्या बॅटरीवर निभावतं. आणि स्कॉफेलचे अवघड खडक येतात ते चांगलं उजाडल्यावर. पौर्णिमाही मुद्दाम साधलेली. कॅलेंडर मीच पाहून कळवलं होतं!

वडाचं चित्र काढून आम्ही सकाळी पूजा केली. तिला उपास करून कसं चालेल? तिच्या वाटणीचाही मीच धरला.

रात्री दोनपासून डनमेल रेझ या खिंडीत मी आणि तिचे यजमान मोटारीत बसून होतो. थर्मासमध्ये चहा, डब्यात दहीभात नि तिखटमिठाच्या पुऱ्या. चंद्राचा पत्ता नाही! उन्हाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र तिकडे क्षितिजालगतच सरकतो. खिंडीतून तो दिसलाच नाही. साडेतीन वाजले, पावणेचार झाले. यजमान तर चहा ओतायचे आणि पुन्हा थर्मासमध्ये घालायचे. चार वाजता उतारावर एक बॅटरी दिसली, पाठोपाठ दुसरी.

अर्धा तास उशीर झाला होता. चार घास दहीभात खाऊन ती उठली. “ताई, वरून चंद्र दिसला गं,” एवढंच म्हणाली, आणि समोरचा चढ चढू लागली. उजाडलंच होतं. तो अर्धा तास तिनं दिवसाउजेडी, खडकांवर, थोडा थोडा करून भरून काढला.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून बत्तीस मिनिटांनी तिनं केझिकच्या मूट हॉलच्या दाराला हात लावला. २३ तास ३२ मिनिटं! माझा उपास मी तिथेच सोडला.

घरी आल्यावर मी एक बदल केला. दिवसभराच्या रगाड्यानंतर रात्री अकराला वह्या तपासायला बसायची, चुका करायची आणि मुलांवर चिडायची. आता रात्री भाजी निवडते, कपड्यांच्या घड्या घालते. वह्या पहाटे पाचला. काम तेवढंच आहे हो, फक्त अंधार कुठे बसवायचा ते कळलं.