पुन्हा लग्न केलेलं नाही

पनवेल,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सोनूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आत्या, नाना इथे इटलीत नेमकं काय करत होते?" आणि मी कुकरचं निमित्त काढून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता. नानांबद्दल फोनवर मला बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. दादा म्हणेल ईमेल कर, पण सदतीस वर्षं सरकारी कागद खरडल्यावर पेन हातात असल्याशिवाय मला सुचत नाही. पानांचे फोटो काढून पाठवते. अक्षर लागलं नाही तर दादाला विचार.

नाना १९४१ साली पलटणीत भरती झाले. राजासाठी नाही आणि देशासाठीही नाही. जमीन कुळाने केलेली, खंडाचं भात मोजून दिलं की फाल्गुनातच कणगीचा तळ दिसायचा, आणि खायला सात तोंडं. भरतीवाला गावात आला तेव्हा नाना विशीतले. आईशी लग्न होऊन वर्ष झालेलं. आई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, माहेरून सासरी नुकती रुळत होती.

इटलीतलं त्यांनी आम्हाला सांगितलं ते इतकंच. तिथे भाकरीला 'पाने' म्हणतात (तुला तर रोजच माहीत, आम्ही पोरं 'नाना, पानं खाऊन लढलात?' म्हणून हसायचो). तिथला चिखल लावणीच्या चिखलासारखा नसतो, तो हाडात शिरतो. आणि तिथल्या म्हाताऱ्या बायका आपल्यासारख्याच डोक्यावरून पदर घेतात. लढाईचं एक अक्षर नाही.

लढाईचं मी पुस्तकांतून वाचलं. तुझ्या बोलोन्यापासून फार लांब नाही ती सेनिओ नदी. ९ एप्रिल १९४५ ला तिथे मराठा पलटणीतल्या नामदेव जाधव या शिपायाने दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांमधून सुरक्षित जागी परत आणलं आणि मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. नगर जिल्ह्यातल्या निमजचा मुलगा. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो घरीही परत आला. आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे नाही आले. तू सातवीत असताना गोव्याला जाताना माणगावला तहसील कचेरीच्या आवारात दादाने गाडी थांबवली होती, तो पुतळा त्यांचा. १० जुलै १९४४, वरच्या टायबरचं खोरं. त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले, हे एकटे उरले. पुढे धावले, ग्रेनेड टाकून मशीनगन गप्प केली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग छातीत-पाठीत गोळ्या लागून तिथेच पडले. बावीस वर्षांचे. त्यांची कबर नाही, दहनाची जागा नाही. रोम आणि नेपल्सच्या मधे कासिनोला दगडी फलकांवर नाव आहे.

इटलीतली लढाई २ मे १९४५ ला थांबली, जपानने १५ ऑगस्टला हात टेकले. पुढे दोन वर्षांनी तीच तारीख स्वातंत्र्याची झाली. नाना दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या झेंडावंदनाला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि कोपऱ्यात उभे राहायचे. आम्हाला वाटायचं झेंड्यासाठी. असेलही.

घरी यायला त्यांना १९४६ उजाडलं. पलटणी लगेच मोकळ्या होत नाहीत, बोटी कमी आणि माणसं लाखांनी. फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली होती आणि ती घाईघाईने उतरवायची होती. मुंबईला बोटीतून उतरवून त्यांना कल्याणच्या ट्रान्झिट कँपात डांबलं. त्याच सुमारास, १८ फेब्रुवारीला, मुंबईतल्या कुलाब्याच्या 'तलवार' तळावर नौदलातल्या पोरांनी जेवण टाकून संप केला. किडकं अन्न, तुटपुंजा पगार, गोऱ्या साहेबांच्या शिव्या. बघता बघता अठ्ठ्याहत्तर जहाजं आणि वीस हजार खलाशी. मुंबईत रस्त्यावर गोळीबार होऊन दोनशेवर माणसं मेली. नाना कँपात अडकलेले. फाटकाबाहेर जायची बंदी, आत फक्त अफवा. मग बेळगाव. तिथे हिशेब झाला, हातात थोडे पैसे, एक घोंगडी आणि डिस्चार्ज बुक. खोपोलीपर्यंत रेल्वे, पुढे पनवेलपर्यंत लॉरीच्या टपावर. पनवेलला रेल्वे यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती, आणि एस.टी. १९४८ साली निघाली.

घरी आले तेव्हा काय होतं? सगळंच कंट्रोलमध्ये. तांदूळ पिकवणारा आपला मुलूख, पण भात लेव्हीत जायचं. रेशनचं धान्य त्या वर्षी माणशी रोज बारा औंसांवर आणलं. आईला मी विचारलं होतं, बारा औंस म्हणजे किती? तिने ओंजळ पुढे केली, मग बोटं जरा आवळली. रॉकेल कूपनवर, कापड कूपनवर, आणि कूपन ज्याच्या हातात त्याची चैन. घाऊक भाव लढाईच्या आधीच्या अडीचपट. आईने नानांच्या घोंगडीचं दादासाठी कुंचडं शिवलं, ते मीही घातलं. मानेला टोचायचं. तो लोकरीचा ओला वास मला अजून येतो.

नाना पलटणीत लॉरी चालवायला शिकले होते. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या ट्रकांचे लिलाव झाले, लोक त्यांना 'डिस्पोजलच्या गाड्या' म्हणत. पनवेलच्या एका व्यापाऱ्याने अशी एक घेतली आणि नाना तिच्यावर लागले. म्हणजे कपडे बदलले, गाडी तीच. १९४८ मध्ये तांदळाची पोती घेऊन ते कल्याणच्या कँपात गेले. स्वतः ज्या बराकींत दिवस काढले, त्या बराकींत आता सिंधहून आलेली कुटुंबं होती. जवळजवळ एक लाख माणसं. खाटांच्या मधे साड्या बांधून खोल्या केलेल्या. तेच पुढे उल्हासनगर झालं. नाना सांगायचे, एका बाईने त्यांना बसवून पाणी दिलं. नेमकी कुठली बराक ते त्यांनी दाराच्या खिळ्यावरून ओळखलं होतं. बाईला त्यांनी ते सांगितलं नाही. "तिला काय करायचंय?"

यातलीच एक गंमत तुला सांगते, कारण तू बोलोन्यात आहेस. २१ एप्रिल १९४५ ला बोलोन्यात पहिले शिरले ते पोलंडचे सैनिक. त्यातल्या कित्येकांची बायकामुलं तेव्हा कुठे होती ठाऊक आहे? कोल्हापूरजवळ वळिवड्याला! रशियाने १९४० मध्ये सैबेरियाकडे हाकललेले हे लोक इराणमार्गे इथे आले. पाचेक हजार जण, चर्च, शाळा, नाटकं, सगळं वसवून १९४३ पासून राहिले. नवरा इटलीत जिंकला, आणि याल्टाच्या करारात त्यांची गावंच रशियाच्या बाजूला गेली. जायचं कुठे? १९४८ पर्यंत छावणी चालली, मग कुणी इंग्लंड, कुणी आणखी कुठे. आणि त्या रिकाम्या जागेवर पुन्हा कोण? सिंधी निर्वासित. आज तिथे गांधीनगरची कापडपेठ आहे. तुझ्या लग्नाचे आहेराचे कपडे तिथूनच आणले होते. दुकानदाराने 'फिक्स रेट' म्हणून एक रुपया सोडला नाही.

आता माझ्या टेबलाचं सांगते, कारण खरं सांगायचं ते हेच आहे.

१९७४ साली मी तालुक्याच्या ट्रेझरीत लागले, पेन्शनच्या टेबलावर. तेव्हा लढाईतल्या विधवा यायच्या. वय पन्नास-बावन्न, दिसायला सत्तरच्या. पेन्शनच्या ऑर्डरचे दोन भाग असतात, एक आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. त्यावर ओळखीच्या खुणा लिहिलेल्या. एकीच्या कागदावर १९४५ च्या इंग्रजी अक्षरात होतं: डाव्या मनगटावर तुळशीचं गोंदण, उजव्या भुवईवर व्रण. मी सांगायचे, हात दाखवा. त्या बांगड्या मागे सारून मनगट पुढे करायच्या. तुळस पसरून हिरवा ढग झालेली, खालचं वृंदावन तेवढं कळायचं. व्रण सुरकुत्यांत हरवलेला. मी तो सापडल्याची टिक करायचे.

आणि मग दर सहा महिन्यांनी तो दाखला: 'मी पुन्हा लग्न केलेलं नाही.' तेव्हा पुन्हा लग्न केलं की पेन्शन बंद व्हायची. फक्त दिराशी लावलं आणि त्याच कुटुंबात राहून घर चालवलं तर चालू राहायची. कायदा करणाऱ्याला आपली घरं चांगली ठाऊक होती म्हणायची. वाक्य वाचून दाखवणं माझं काम. मी एकवीस-बावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, मला लाज वाटायची. त्या मात्र दर वेळी शाईत अंगठा बुडवताना म्हणायच्या, "नाय केलं गो बाय. लिव." एकदा मागच्या रांगेतला एक म्हातारा हसला, तर त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तू करतंस काय?" सगळी ट्रेझरी हसली, त्याही. मग अंगठा उठवून बोट पदराला पुसलं.

त्या तुळशीवाल्या बाईंचा माणूस इटलीत मारला गेला होता. प्रेत मिळालं नाही. मी घरी येऊन नानांना नाव सांगितलं, पलटणीचा नंबर सांगितला. ते पानाला चुना लावत होते. म्हणाले, "पेन्शन किती आहे तिला?" मी आकडा सांगितला. "बरं आहे," म्हणाले, आणि गाडीचा टायर बघायला बाहेर गेले. पुन्हा कधी विषय काढला नाही, मीही नाही.

कारण नानांना पेन्शन नव्हती, सोनू. शिपायाला पेन्शन लागू व्हायला पंधरा वर्षं नोकरी लागते आणि लढाईपुरते घेतलेल्यांना पाच-सहा वर्षांत घरी पाठवलं. जो मेला त्याच्या घरी महिन्याच्या महिन्याला काहीतरी येत होतं, आणि जो परत आला तो हिशेब चुकता करून सुटला. मी रोज सरकारी पैसे मोजायचे, आणि संध्याकाळी घरी नाना डिझेलचे हात साबणाने घासत बसलेले असायचे. त्यांच्यावर अन्याय झाला असं मला तेव्हा वाटलं नाही. नियमच तसा आहे, असं वाटलं. मी नियमाच्याच बाजूला बसत होते ना.

नाना १९८७ मध्ये गेले. पुढे काही वर्षांनी कळलं की दुसऱ्या महायुद्धात लढून ज्यांना पेन्शन नाही त्यांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार महिन्याला मदत देतं. अर्ज अलिबागला सैनिक कल्याण कार्यालयात. पुरावा म्हणून डिस्चार्ज बुक हवं. घर उलथंपालथं केलं. शेवटी ते निघालं ट्रंकेच्या तळाशी, १९४६ च्या कापडाच्या दोन न वापरलेल्या कूपनांच्या सोबत. वाळवीने कोपरा खाल्ला होता, पण नाव आणि नंबर शाबूत. 'आचरण' या रकान्यात कुणा साहेबाने लिहिलं होतं: चांगलं.

अर्ज मीच भरला. आई जवळ बसून तांदूळ निवडत होती. शेवटच्या पानावर आले आणि थांबले. तिने मान वर केली. "काय गं?" मी म्हटलं, "इथे विचारलंय, पुन्हा लग्न केलं आहे का."

सूप हातातच राहिलं. मग म्हणाली, "ती तुळशीवाली काय सांगायची?"

मी सांगितलं.

"मग तेच लिव."

सोबतच्या चिठ्ठीवर एक नाव, नंबर आणि पलटण लिहिली आहे. ते नानांचं नाही. कासिनोला कधी जाणं झालं तर मराठा पलटणीच्या फलकावर शोध. स्पेलिंग इंग्रजांनी त्यांच्या पद्धतीने केलंय, दोन-तीन तऱ्हेने बघ. सापडलं तर एक फोटो काढ. गावात आता त्यांच्या घरचं कुणी राहत नाही, पण मला हवा आहे.

थंडी सुरू झाली असेल, कान झाकत जा. दादाच्या गुडघ्याचं ठीक आहे. मेतकूट आणि कुळथाचं पीठ शेजारच्यांच्या मुलाबरोबर पाठवते, तो डिसेंबरात मिलानला येतोय.

तुझी,
आत्या