गोष्टीला हूं देणारा

छत्तीसगडची पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेलं महाभारत, ऐकायला पहिल्यांदाच बसलेल्या माणसाचं सगळं लक्ष गाणाऱ्याकडे असतं. माझं मात्र लहानपणापासून रागीकडे जायचं. रागी म्हणजे गायिकेच्या बाजूला बसलेला साथीदार. तो ओळ उचलून धरतो, ताल सांभाळतो, पण त्याचं खरं काम वेगळंच. गायिका सांगते, भीम निघाला. रागी म्हणतो, "हव." ती सांगते, वाटेत माकड आडवं पडलं होतं. रागी पुढे सरकून विचारतो, "फेर का होइस?" पुढे काय झालं? समोर बसलेल्यांच्या ओठांवर आलेला प्रश्न तो आधी बोलून टाकतो. कधी चकित होतो, कधी शंका काढतो, कधी भीमाच्या बाजूने भांडतो. गायिका दमली की त्याच्या एका हुंकारावर तिला श्वास घ्यायला सवड मिळते. सगळी रात्र महाभारत पुढे सरकतं ते दोघांच्या बळावर.

आमचं क्वार्टर भिलाईत, रुआबांधा सेक्टरमध्ये. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी 1955 साली करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं देशभरातून माणसं या प्लांटमध्ये येत राहिली. माझे वडीलही असेच विदर्भातून आले. एका भिंतीपलीकडे तेलुगू, दुसऱ्या भिंतीपलीकडे बंगाली. सेक्टरचे आखीव रस्ते संपले की रुआबांध्याची गावठी वस्ती लागायची आणि तिथे छत्तीसगडी सुरू व्हायची. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगडी, असं आमचं तीन भाषांतलं बालपण.

रागी मला परका वाटला नाही, याचं कारण आमची आजी. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकल्या की ती गोष्ट सांगायची, पण हूं दिल्याशिवाय नाही. "हूं म्हणा रे, नाहीतर मी भिंतीशी बोलते आहे की काय!" हूं थांबला की गोष्टही थांबायची. आपल्या गोंधळात मुख्य गोंधळ्याला प्रश्न विचारणारा जोडीदार असतो, पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात. ही माणसं मी नंतर पाहिली. तेव्हा मला आजी आणि रागी एवढेच माहीत होते.

याच रुआबांध्यात माझ्या पिढीतली रितू वर्मा जन्मली. खेळण्याच्या वयात ती पंडवानी गाऊ लागली, आणि लहान वयातच परदेशात जाऊन गायली. तिची शैली वेदमती. यात गायक गुडघ्यांवर बसतो आणि कथा कवी सबलसिंह चौहानांच्या महाभारताला धरून चालते. दुसरी शैली कापालिक. तिच्यात उभं राहून गायचं, अभिनय करायचा, स्मरणात असेल ते तिथल्या तिथे रचायचं. ती बायकांनी गायची नाही असा दंडक होता. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी तो मोडला. आजोबा ब्रजलाल यांच्याकडून ऐकून ऐकून त्या शिकल्या, तेराव्या वर्षी गावोगावच्या लोकांसमोर गाऊ लागल्या, त्यासाठी जातीबाहेर टाकलं जाणंही त्यांनी सोसलं. पुढे भिलाईच्या प्लांटनेच त्यांना नोकरी दिली. 1987 साली पद्मश्री, 2003 साली पद्मभूषण, 2019 साली पद्मविभूषण. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात गदा होतो, क्षणात अर्जुनाचा रथ, क्षणात द्रौपदीचे मोकळे केस. शाळेचा उंबरठा त्यांनी ओलांडला नव्हता. त्यांचं शिक्षण झालं ते कानांनी.

आमच्या शाळेत मात्र कान फक्त सूचना ऐकायला होते. वेळापत्रकात चित्रकला होती, संगीत होतं. दिवाळीनंतर ते तास गणिताकडे जायचे. गॅदरिंग जवळ आलं की ज्यांना गाता येतं त्यांना निवडलं जायचं आणि उरलेली चाळीसएक मुलं सतरंजीवर शांत बसायची. शांत बसणं म्हणजेच ऐकणं, अशी तिथे समजूत होती. रात्री रागीला पाहणारी मी, मला ते पटत नसे. ऐकणं हे काम आहे. त्यात अंग झिजतं.

वरच्या वर्गातली एक ताई खैरागडला शिकायला गेली, तेव्हा सेक्टरभर कौतुक झालं. खैरागडच्या राजघराण्याने आपला राजवाडा दिला आणि 1956 साली तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर सुरुवातीच्या काळात तिथे कुलगुरू होते, हे मला मोठेपणी कळलं आणि मराठी माणूस म्हणून ऊर भरून आला. अशा संस्था हव्यातच. पण कलावंत घडवणं हे विद्यापीठाचं काम. शाळेत येणारं प्रत्येक मूल गायक किंवा चित्रकार होणार नसतं, आणि म्हणून त्याला कला नको, असं आपण ठरवून टाकतो. माझा सगळा विरोध इथे आहे.

आता मी नागपूरजवळ एका शाळेत मराठी शिकवते. महाराष्ट्रात इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण मिळतात, बीला 5, सीला 3. लोककला आणि शास्त्रीय कलांसाठीही सवलतीचे गुण आहेत. यामुळे पालक निदान रंगपेटी घेऊन देतात, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. पण हे गुण नेहमी गाणाऱ्याला, रंगवणाऱ्याला. रागीला गुण देण्याची सोय कुठल्याच तक्त्यात नाही.

म्हणून मी वर्गात जोड्या लावते. एकाने सांगायचं, दुसऱ्याने रागी व्हायचं. रागीला नुसतं "हो" म्हणायची मुभा नाही. तीन वाक्यांत एकदा तरी त्याने विचारलं पाहिजे. परवा आठवीतली एक मुलगी कुंती आणि कर्णाची भेट सांगत होती. छान सांगत होती, हातवारे करून. रागी होता शेवटच्या बाकावरचा, वर्षभरात कधी हात वर न केलेला मुलगा. पहिल्यांदा त्याने पुटपुटत "मग?" म्हटलं. नंतर "कर्णाला ओळख पटली का?" मग तो एकदम थांबला.

"तिथे कुंती एकटीच गेली होती ना?"

"हो."

"आणि कर्ण पण एकटाच?"

"हो."

"मग त्यांचं बोलणं आपल्याला सांगितलं कुणी?"

मुलगी गप्प झाली. वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघू लागला. कुणी म्हणालं व्यासांनी, कुणी म्हणालं कुंतीनेच नंतर रडत रडत सांगितलं असेल. एकीने सुचवलं, नदीवर कपडे धुणारी बाई असेल, तिने ऐकलं. इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराजांच्या खासगी भेटींचं वर्णन असतं, ते कुणी लिहून ठेवलं, असंही एकाने विचारलं. साधनं, साक्षीदार, कवीची मुभा, असे शब्द माझ्या ओठांवर आले होते, पण मी ते दुसऱ्या दिवशीसाठी ठेवले. मुलं स्वतःच तिथवर पोचत होती.

तास संपल्यावर ती मुलगी त्या मुलाच्या बाकाशी गेली. पुढच्या वेळी मी कुंतीची बाजू मांडते, तू कर्णाच्या बाजूने विचार, असं दोघांचं ठरलं. शनिवारचा शेवटचा तास मी त्यांना मुख्याध्यापकांकडून मागून घेतला आहे. तो तास गणिताला मिळणार नाही, एवढी काळजी मी घेणार आहे.