फिरत्या घराची शाकारणी

आमच्या कोकणात घरे शाकारतात ती वैशाखात. वडील छपरावर चढत, दादा शिडीच्या मधल्या पायरीवरून कौले वर देई, आणि खाली शिडी धरण्याचे काम माझ्याकडे असे. तसे हे काम बिनमहत्त्वाचे. पण ते सोडून कुठे जाता येत नाही. पुढे पहिला पाऊस लागला की वडील रात्री कंदील घेऊन उठत आणि कोपऱ्याकोपऱ्यात भिंतीवरून हात फिरवीत. ‘कोरडं आहे’ म्हणाले की आम्ही झोपायचो.

तेच शिडी धरण्याचे काम २०२४ च्या ऑक्टोबरात माझ्याकडे पुन्हा आले, आणि तेही अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी!

अमेरिकेतली बहुतेक चाकांवरची घरे याच मुलखात बनतात. गंमत अशी की, स्वतः मोटार न बाळगता घोड्याच्या बग्गीतून हिंडणारे आमिश लोक इथल्या कारखान्यांत ही घरे बांधायला जातात. गावात या घरांचे एक संग्रहालय आहे. तिथे १९१३ सालचा एक ट्रेलर ठेवला आहे. शिल्लक असलेल्यांत तो सर्वांत जुना मानतात. त्याच्यापुढे दादाचा ट्रेलर म्हणजे वाडाच म्हणायचा. निवृत्त झाल्यावर त्याने आणि वहिनींनी तो हौसेने घेतला.

रस्त्यावरून साडेआठ फुटांहून रुंद घर सहसा ओढून नेता येत नाही. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर टेबलाचा खण ओढावा तशी भिंतीची एक बाजू कोच आणि जेवणाच्या टेबलासकट बाहेर सरकते. तिला स्लाइड-आउट म्हणतात. दादाने बटण दाबले आणि खोली तीन फुटांनी रुंद झाली, तेव्हा मी लहान मुलासारखा पाहतच राहिलो. पण या खणाला स्वतःचे सपाट छप्पर असते. त्यावर ओकची पाने, काटक्या आणि फळे पडतात. खण आत घेताना हा कचरा रबरी झालरीखाली ओढला जातो, झालर फाटते, आणि पाणी आत शिरून लाकूड कुजवते. त्यावर उपाय म्हणजे खणाच्या माथ्यावर ताणलेले एक कापड. खण बाहेर निघाला की ते उलगडते, आत गेला की नळीवर आपोआप गुंडाळते.

“शनिवारी बसवू,” दादा म्हणाला. “शिडी धरायला तू आहेसच.”

खणाच्या वर, ट्रेलरच्या भिंतीला अ‍ॅल्युमिनियमची खोबणीदार पट्टी लावायची होती. तिच्या पाठीला चिकट पट्टी, प्रत्येक स्क्रूच्या भोकात सीलंट. ‘पाणी अडवायला मारलेलं भोकच गळायला नको,’ हे दादाचे म्हणणे थेट वडिलांचे वाटले. कापडाच्या काठात दोरी शिवलेली असते. नेफ्यात नाडी ओवावी तशी ती त्या खोबणीत ओवायची. दोन शिड्यांवर आम्ही दोघे चौदा फुटी नळी पेलून उभे, आणि वहिनी कापड ओढताहेत. “भाऊजी, वर उचला! अहो, तुमचंच टोक खाली गेलंय!”

मग नळीची टोके खणाच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर बसवलेल्या ब्रॅकेटांत अडकवली. शेवटचे काम स्प्रिंगला पीळ भरण्याचे. हे जपून करावे लागते. हात सुटला तर स्प्रिंग उलटी फिरून बोटे मोडते. दादा पान्याने पीळ देत होता, मी नळी घट्ट धरली होती. आणि त्याच क्षणी त्याने विचारले,

“पूर्वेचा कोपरा गळत होता ना रे शेवटी?”

वडील गेल्यावर ओस पडलेले आमचे घर मी २०१८ मध्ये विकले होते. फोनवर दादाला सांगितले, तर तो नुसता ‘बरं’ म्हणाला. ते ‘बरं’ सहा वर्षे माझ्या मनात सलत होते.

“वासा कुजला होता,” मी म्हणालो. “तू पैसे पाठवायचास. पण शिडी धरायला माणूस नव्हतं.”

बोललो आणि वाटले, उगाच बोललो. एरवी आमच्यापैकी एकजण खात्रीने उठून गेला असता. पण पीळ भरलेली स्प्रिंग हातात असताना रागावून निघून जाता येत नाही. दादाने आणखी एक फेरा दिला, खिळी बसवली आणि हात पुसत म्हणाला,

“मी ‘बरं’ म्हटलं, कारण दुसरं काही म्हणायचा मला हक्क नव्हता.”

खण आत घेऊन पाहिला, तर कापड बोटभर तिरपे गुंडाळत होते. पीळ उतरवून, ब्रॅकेट सरळ करून सगळे पुन्हा केले. दुसऱ्या खेपेला जमले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आम्ही मिशिगन सरोवराकाठच्या इंडियाना ड्यून्सकडे निघालो. वाट तासाभराची, पण मध्ये घड्याळ एक तास मागे जाते. पोचलो तेव्हा तिथे सव्वादोनच वाजले होते! २०१९ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. वाळूच्या टेकड्या, त्यांवर काळ्या ओकची झाडे, आणि पलीकडचा काठ न दिसणारे पाणी. समुद्रच म्हणावा, पण खारा वास नाही. कोकणातल्या माणसाला ते फार चुकल्यासारखे वाटते.

रात्री पाऊस आला. ओकची फळे डोक्यावरच्या कापडावर टपटपत होती. वारा वाढला तसे ते फडफडू लागले. अशा वेळी खण आत घेतलेला बरा. कापडावर साचलेले पाणी धबकन खाली कोसळले. दादाने विजेरी लावली आणि कोपऱ्यावरून, झालरीखालून सावकाश हात फिरवला.

मी जागाच होतो.

“कोरडं आहे,” तो म्हणाला. “झोप आता.”