पैनगंगेच्या पल्याड

भूगोलाच्या तासाला सरांनी भिंतीवर नकाशा लावला आणि पैनगंगेच्या निळ्या रेघेवर छडी टेकवून म्हणाले, "अलीकडे आपला यवतमाळ जिल्हा, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद. जंगल मात्र एकच." उष्ण कटिबंधातले, सागाचे, उन्हाळ्यात उघडे पडणारे. कोलाम आणि गोंड दोन्ही काठांवर राहतात.

मग त्यांनी टिपेश्वरच्या वाघाची हकीकत सांगितली. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. पुढे तो निघाला तो आदिलाबादच्या रानातून फिरून डिसेंबरात थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात! पाच महिन्यांत १३०० किलोमीटर. मी तर अजून नागपूरही पाहिलेले नाही.

कॉलर होती म्हणून माग लागला. एरवी अंगावरचे पट्टे हीच वाघाची ओळख; झाडाला बांधलेला कॅमेरा ती टिपतो. पण इकडचे फोटो तिकडच्या फोटोंशी ताडले नाहीत, तर तोच वाघ इकडे 'हरवला' आणि तिकडे 'नवा आला' ठरेल. दोन राज्यांचे सहकार्य म्हणजे हारतुरे आणि भाषणे, अशी माझी समजूत होती.

घरी येऊन मी सारे आईला उत्साहाने सांगितले. ती सरकी निवडत होती. तिला वाघ नकाशावरून ठाऊक नाही. २०१८ साली शेजारच्या राळेगाव तालुक्यात टी-१ वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. मामाचे वावर तिकडेच, आणि दिवस कापूस वेचणीचे. वेचणाऱ्या बाईला वाकावेच लागते, आणि वाकले की मागचे दिसत नाही. म्हणून मामा काठी घेऊन धुऱ्यावर उभा राही. २ नोव्हेंबरच्या रात्री वाघिणीला गोळी घातली. मी तेव्हा सातवीत होते. गावात सुटकेचा श्वास टाकला गेला, आई एवढेच म्हणाली, "तिलेही दोन लेकरं होती."

आज माझे ऐकून घेऊन तिने विचारले, "अन् वाघ नदी उतरला, तं पल्याडच्या वावरात कापूस येचणाऱ्या बाईले कोणी सांगते का वं?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी सरांना विचारले. ते बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आईला आणखी काय विचारायचे असेल, ते लिहून आण."